अक्काच्या दारातली धूळपट्टी

कर बुडवणारी माणसं तुम्ही पाहिली असतील, निदान आरशात तरी. पण आपल्याला कर कमी लागला म्हणून कचेरीत जाऊन टेबल बडवणारा माणूस या भूतलावर एकच होऊन गेला, आणि तो आमच्या सोलापूरचा होता. चन्नवीर तोडकरी त्याचं नाव. लग्नपत्रिका छापून द्यायचं दुकान, साठी उलटलेली, आणि एका जागी बसेल तर शपथ. खुर्चीत असला तरी गुडघा हलत असायचा. गोष्ट खोटी वाटेल. वाटू द्या. खोटी गोष्ट रचताना माणूस जपून रचतो. खरीला तेवढी फिकीर नसते.

आधी धूळपट्टी म्हणजे काय ते सांगतो, कारण तुम्ही अजून जुना कर भरताय. तो गाडीच्या किमतीवर ठरतो. कापड घालून दारात झाकलेल्या गाडीलाही तेवढाच आणि रोज पुण्याला जाऊन येणारीलाही तेवढाच. आणि जो बिचारा रस्त्याकडेला राहून सगळ्यांच्या गाड्यांची धूळ खातो, त्याच्या हातात काही नाही. तर डॉ. अवंती सोमण नावाच्या एका रसायनशास्त्रज्ञ बाईंनी लहान मुलानं विचारावा तसा प्रश्न विचारला: टायर झिजतो, तर झिजलेला टायर जातो कुठं?

जातो आपल्यात. एका मोटारीचं वर्षाकाठी किलोभर तरी रबर रस्त्यावर घासून जातं. त्यातलं जाड ते गटारात, बारीक ते हवेत. तिथून खिडकीत, भाकरीवर, छातीत. विजेच्या गाड्या आल्या तेव्हा लोकांना वाटलं, धूर गेला, सुटलो. पण बॅटरीमुळं गाडी जड, आणि जड गाडी टायर जास्त खाते. धूर गेला, धूळ वाढली.

सोमणबाईंनी त्या धुळीला नावं दिली. आपल्या पेशींत डीएनए असतो, चार अक्षरांत लिहिलेली आपली ओळख. तशी ओळख प्रयोगशाळेत हवी तशी जुळवता येते. ती गारगोटीच्या अतिसूक्ष्म कवचात बंद केली, की टायर भट्टीत शिजताना जळत नाही. एका गाडीच्या चारही टायरांत एकच ओळख, आणि ती जगात दुसऱ्या कुठल्याच गाडीत नाही. मग कण कुठंही झिजो, मालकाचं नाव घेऊनच उडणार.

ते वाचायला रस्त्याकडेच्या प्रत्येक घराच्या दारावर एक डबी बसवली. आत छोटा पंखा, पंख्यासमोर उघडी चिकट काच. पंखा हवा ओढतो, धूळ काचेवर बसते आणि पहाटे डबी त्या कणांची नावं वाचून सरकारला कळवते. सरकारी नाव काहीतरी लांबलचक होतं. लोकांनी तिला देवळी म्हटलं. वर्षभर ज्या ज्या घरात तुमची धूळ पडली त्याची बेरीज म्हणजे तुमचा कर, आणि त्यातला अर्धा थेट त्या घरवाल्यांना. हिशेबाचं वर्ष दिवाळीच्या पाडव्याला संपायचं, व्यापाऱ्यांच्या वह्यांसारखं.

ज्याची धूळ त्याचा कर, ज्याची छाती त्याचा पैसा. इतका चोख न्याय माणसाला सोसत नाही.

वर्षाच्या आत महामार्गाकडेच्या बायकांनी झाडू माळ्यावर टाकले. सडा बंद, कारण ओल्या अंगणातून धूळ उडत नाही. पूर्वी दिवेलागणीला केर काढला की लक्ष्मी जाते म्हणायचे, आता सकाळी काढला तरी जायला लागली. सोयरीक जुळवताना पहिला प्रश्न, घर रस्त्याला आहे ना? मागच्या गल्लीतली घरं ओस पडली. बोरफाटा नावाच्या गावी एका गृहस्थानं शिंक आली तरी ती रुमालात जपून ठेवली, आणि रुमाल कचेरीत दाखवायला नेला म्हणतात. गाडीवाल्यांची तऱ्हा वेगळी. डॉक्टर वाड्यावस्त्यांवर जाईनात. पाहुणे दारात न येता फाट्यावर उतरून चालत येऊ लागले, आणि यजमान तोंडदेखलं म्हणायचे, अहो, गाडी आत आणायची की.

आता चन्नवीरकडे वळू.

बोरफाटा हे गाव बार्शी रस्त्याला, सोलापुरापासून अर्ध्या तासावर. तिथं वळणावर एकट्या घरात त्याची थोरली बहीण राहायची, नीलव्वा. नवरा जाऊन दहा वर्षं झालेली, मूलबाळ नाही, गुडघे दुखरे, जीभ धडधाकट. चन्नवीर तिला अक्का म्हणायचा. म्हणायचा म्हणजे, पूर्वी म्हणायचा. चार वर्षं दोघांत बोलणं नव्हतं.

कारण गाडीच. घरात नवी गाडी आली की तिला ओवाळायचा मान बहिणीचा. चन्नवीरनं आयुष्यातली पहिली गाडी घेतली तेव्हा अक्काला निरोप गेला होता, ती एसटीनं निघालीही होती. पण एसटी वाटेत बंद पडली आणि मुहूर्त टळायला आला. तेव्हा बायको सुगला म्हणाली, "माझी बहीण हितंच आहे की. ती ओवाळील." ओवाळलं. लिंबं चाकाखाली फुटली, नारळ फुटला, आणि त्याच क्षणी घामाघूम होऊन, ताट फडक्यात बांधून अक्का दारात आली. बॉनेटवरचं ओलं कुंकू तिनं बघितलं.

"गाडी मेव्हणीची दिसते," ती म्हणाली. "मला एसटी आहे."

चन्नवीरला लाज वाटली होती. लाज वाटली की तो ओरडायचा. चारचौघांत तो ओरडला, "एवढ्याशा गोष्टीचं एवढं? पुन्हा तुझ्या दारात पाय ठेवला तर चन्नवीर नाव सांगणार नाही."

"नको ठेवू," अक्का म्हणाली आणि फडक्यात बांधलेलं ताट तसंच घेऊन परत गेली.

पाय ठेवला नाही त्यानं. शब्दाचा पक्का. पण चाकाचं तो काही बोलला नव्हता. दर रविवारी दुपारी दुकान बंद करून तो बार्शी रस्त्याला लागायचा, बोरफाट्याच्या वळणावर गाडी हळू करायचा, काचा वर ठेवूनच ओट्याकडे बघायचा. दोरीवर लुगडं वाळतंय, म्हणजे अक्का उठती-बसती आहे. तुळशीला पाणी घातलेलं आहे. बास. पुढं जाऊन वळायचा, परत एकदा बघायचा आणि घरी यायचा. सुगलाला सांगायचा, बॅटरीला जरा चालवावं लागतं.

"बॅटरीला बहीण आहे वाटतं बोरफाट्याला," सुगला म्हणायची.

धूळपट्टी आली आणि चन्नवीरची झोप उडाली. टायर बदलून ओळखीचे घालावे लागले, तो कायदाच होता. आता दर रविवारी आपलं नाव अक्काच्या देवळीत पडणार आणि पाडव्याला तिला कळणार! इतके दिवस चोरून केलेलं सरकार तिला पैशासकट सांगणार. जावं की न जावं? दोन रविवार तो गेला नाही. तिसऱ्या रविवारी जेवताना दोनदा उठून दाराशी जाऊन आला. सुगलानं गाडीची किल्ली आमटीच्या वाटीशेजारी ठेवली, तशी तो भात टाकून निघाला.

गाडीत बसल्यावर मात्र त्याला नवाच विचार सुचला. कळू दे की. दर वर्षी भाऊबीजेला अक्काच्या ताटात तो ओवाळणी टाकायचा, ती दोन वर्षं चुकली होती. आता न बोलता, पाय न ठेवता, सरकारच्या हातून ती पोचेल. शब्दही राहील आणि बहीणही. तो इतका खूश झाला की वळणावर उगाचच कचकन ब्रेक मारला. ब्रेकनं टायर जास्त झिजतो, हे त्याला एव्हाना पाठ झालं होतं.

पहिल्या पाडव्याला पट्टी आली. फोनवर घरांची यादी. टोल नाक्याजवळची चहाची टपरी होती, पेट्रोल पंपाशेजारचा वकील होता, ज्याला त्यानं कधी पाहिलंही नव्हतं. वळणावरचं घर नव्हतं.

दिवाळीची सुट्टी संपली तसा तो धूळपट्टी कचेरीत. खिडकीपलीकडे मुजावर मॅडम होत्या. सकाळपासून शिव्या खाऊन त्यांचा चेहरा दगडी झालेला.

"पट्टीबद्दल तक्रार आहे," चन्नवीर म्हणाला.

"सगळ्यांचीच आहे, काका. जास्त आली ना?"

"कमी आली."

मॅडमनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला. "पेढे आणायचे मग. हितं कशाला आलात?"

"एक घर सुटलंय. बोरफाट्याचं वळण. नीलव्वा, माझी थोरली बहीण. माझी धूळ तिथं पडतीय, मी स्वतः पाडतोय. ब्रेक मारून मारून पाडतोय. तुमचं यंत्र झोपलंय!" आणि त्यानं टेबल बडवलं.

मॅडमनी पडद्यावर बघितलं. "यंत्र चालू आहे. पंखा फिरतोय. पण काच कोरी. तुमचीच नाही, कुणाचीच धूळ नाही त्या घरात. एवढ्या मोठ्या रस्त्याला." त्यांनी पडदा खाली सरकवला. "बाई काच पुसत असणार. ओल्या फडक्यानं. रोज."

"पुसतीय?"

"सकाळी आणि रात्री. पहाटे डबी वाचायला जाते तेव्हा काही शिल्लकच नाही. अख्ख्या तालुक्यात एवढं स्वच्छ घर नाही हो. स्वच्छतेला कायद्यात दंड नाही, म्हणून आम्ही गप्प."

चन्नवीर घरी आला तो पडून राहिला. अक्का पहिल्यापासूनच तशी. लहानपणी त्याच्या पायाची माती ओसरीवर दिसली तरी पाठीत धपाटा. सडा घातल्याशिवाय चहा नाही. अख्ख्या बोरफाट्यानं झाडू टाकला, तिनं टाकला नसणार, हे खरंच. पण त्याच्या मनानं वेगळंच धरलं.

"ती माझं नाव पुसतीय," तो सुगलाला म्हणाला. "पैसा नको, भाऊ नको. रोज फडक्यानं पुसून टाकतीय."

"मग जाऊन विचारा की. पाय आहेत ना?"

"पायाचाच प्रश्न आहे ना."

त्या वर्षी चन्नवीरनं जे चाळे केले ते बघून दुकानासमोरचे रिक्षावाले पैज लावायचे. रविवारी जायचा तो आठवड्यात तीनदा जायला लागला. दुपारी पुसत असेल म्हणून सकाळी, सकाळी पुसत असेल म्हणून संध्याकाळी. वारा अक्काच्या घराच्या दिशेला कधी असतो ते रेडिओवर ऐकून निघायचा. वळणावर ब्रेक मारायचा, पुन्हा सोडायचा, पुन्हा मारायचा. टायर गुळगुळीत झाले. वाटेवरच्या वकिलाला त्याच्या धुळीतून नवी स्कूटर आली. त्यानं पुढच्या संक्रांतीला चन्नवीरला तिळगूळ पाठवला. अक्काच्या घराची ओळ मात्र कोरीच राहिली. फोनवर रोजचा आकडा कसा बघायचा ते मॅडमनी दाखवलं होतं, रोज सकाळी उठून तेवढंच बघायचा तो. वर्तमानपत्रसुद्धा नंतर.

मग दिवाळी आली. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी त्याला घरात चैन पडेना. नवा झाडू आणलेला, त्याला हळदकुंकू वाहायचं, सुगला पूजा मांडतीय आणि हा येरझाऱ्या घालतोय.

"जाऊन या एकदा," ती न बघता म्हणाली. "लक्ष्मी तुमच्या पायात अडखळंल."

तो गेला. फाट्यावर फटाक्यांचा धूर साचलेला. अक्काच्या ओट्यावरचा दिवा लागलेला दिसला, दार उघडं दिसलं. कठड्यापलीकडचं काही दिसत नव्हतं. पण दिवा आहे म्हणजे अक्का आहे. बरं वाटलं. त्यानं जोराचा ब्रेक मारून थोडी धूळ उडवली आणि काचा वर ठेवूनच तो परत फिरला.

पाडव्याच्या सकाळी नवऱ्याला तेल-उटणं लावून न्हाऊ घालायचं आणि ओवाळायचं असतं. चन्नवीर पंचा नेसून पाटावर बसलेला, पाठीला तेल, अर्ध्या तोंडाला उटणं. तेवढ्यात फोन वाजला. नवी पट्टी. सुगलानं तेलाच्या हातानंच उघडून बघितली.

"अहो. बोरफाटा आलं की."

"काय?"

"नीलव्वा, बोरफाटा. कालची धूळ. घेतली बाई अक्कांनी तुमची ओवाळणी." आणि ती खरंच हसली, कारण तिलाही ते चार वर्षांचं ओझं होतं. ओवाळणारी बहीण तिचीच होती ना.

चन्नवीरही हसला. फोन हातात घेतला. त्या ओळीवर बोट ठेवलं तसा त्या घराचा अख्खा हिशेब उघडला: उसाच्या ट्रका, दुधाची गाडी, वऱ्हाडाची बस, फाट्यावरून काल गेलेलं झाडून सगळं. एका दिवसाची सगळ्यांची धूळ. तो बघत राहिला, आणि हसू तोंडावरच वाळलं, उटण्यासारखं.

"सुगला. अक्कानं काल काच पुसली नाही."

"मग? तेच तर म्हणतीय."

"लक्ष्मीपूजनाला? अक्का?"

सुगलाच्या हातातली वाटी तिरकी झाली.

तो उठला तो तसाच. पंचा, तेल, अर्धं उटणं. सुगला शर्ट घेऊन फाटकापर्यंत धावली तोवर गाडी गल्लीच्या टोकाला. त्या अर्ध्या तासात त्यानं किती टायर झिजवला आणि किती घरांना श्रीमंत केलं ते सरकारलाच ठाऊक. फोन लावला, उचलला नाही. शेजाऱ्याचा लावला असता, पण वळणावरच्या घराला शेजार नव्हता. आणि असता तरी चार वर्षांत त्यानं कुणाचा नंबर ठेवलाय?

वळणावर या वेळी ब्रेक आपोआप लागला. कठड्यापाशी स्टूल आडवं पडलेलं. देवळीखाली ओलं फडकं वाळून कडक झालेलं. दार सताड उघडं, आणि कालचा दिवा उजेडातही जळतोय.

उंबरा ओलांडताना त्याला शपथेची आठवणसुद्धा झाली नाही. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढं तो स्वतः वेगळं सांगायचा.

अक्का उंबऱ्याच्या आत जमिनीवर होती. डावा पाय भलत्याच दिशेला वळलेला. पूजेसाठी आणलेला कोरा झाडू तिनं डोक्याखाली घेतलेला. डोळे मिटलेले. चन्नवीर गुडघ्यावर बसला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याचा गुडघा हलायचा थांबला.

"अक्का?"

एक डोळा उघडला. त्या डोळ्यानं पंचा बघितला, तेल बघितलं, अर्धं पिवळं तोंड बघितलं.

"हे काय सोंग आणलंस," अक्का म्हणाली. आवाज फुटत नव्हता, पण शब्द शाबूत. "पाणी दे आधी. मग रड."

पाणी पाजलं. स्टुलावरून पडली होती, काल ओट्यावरच्या दिव्याचं बटण दाबल्यावर लगेच. लक्ष्मी यायची म्हणून काच शेवटची पुसायला चढली होती. फोन आत फडताळावर. रांगत उंबऱ्यापर्यंत आली, पुढं पाय निघेना.

"हाका मारल्या," ती म्हणाली. "फटाक्यांत कोण ऐकतंय. तू आलास तवा पण मारली."

"मी आलो ते..."

"तुझ्या मागच्या चाकामागं लोंबणारं ते चिखलाचं रबर फट-फट करत असतं, चार वर्षं झाली. चिकटवून घेत नाहीस. ते वाजलं की मला कळतं चन्नू आला. काल जोरानं हाक मारली. काचा वर होत्या तुझ्या."

चन्नवीर तोंड पुसायला गेला तर उटणं डोळ्यांत गेलं आणि त्याची सोयच झाली. शेवटी चिडूनच म्हणाला, "कशाला चढायचं मग स्टुलावर? एवढा राग माझा? माझा पैसा लागू नये म्हणून मोडून घेतलास पाय?"

"राग?" अक्कानं दुसरा डोळाही उघडला. "अरे शहाण्या, आठवड्यात तीन-तीन चकरा मारतोस. वर ते ब्रेक. पट्टी केवढी आली असती तुला? गाडी विकून भरावी लागली असती. म्हणून पुसत होते मी. तुझी तेवढी वेगळी काढून पुसता येती काय? सगळ्यांचीच गेली."

"तुझे पैसे गेले की त्यात."

"गेले. सगळं गाव पैशापायी उकिरड्यात बसलंय, मी सडा घालून बसले. कुणाचं काय वाईट झालं?"

वाईट झालं होतं, ते दोघांच्या मधोमध वाकडं होऊन पडलं होतं.  त्यानं तिला उचललं. हलकी झाली होती.

हाड मोडलं होतं, पण नशिबानं एकाच जागी. डॉक्टरनं ओढून सरळ केलं. प्लास्टर घातलं आणि भाऊबीजेच्या दुपारी सोडलं. सोलापुरात भावाकडे राहायला अक्का तयार होईना. म्हणाली, तुमच्याकडे फरशी पुसतात की नुसतं फडकं दाखवतात देव जाणे. म्हणून भाऊबीज बोरफाट्याला झाली. सुगला सगळं सामान घेऊन आलेली. ओट्यावर खुर्ची, खुर्चीत अक्का, स्टुलावर प्लास्टरचा पाय. चन्नवीर पाटावर बसायला गेला.

"तू थांब," अक्का म्हणाली. "आधी ती."

त्याला कळेना. सुगलाला कळलं. तिनं गाडीची किल्ली त्याच्या हातात दिली. गाडी अंगणात घेतली, पार ओट्याला नाक लागेपर्यंत. अक्कानं खुर्चीतून वाकून बॉनेटवर कुंकवाचं बोट ओढलं, अक्षता टाकल्या, निरांजन ओवाळलं. चार वर्षांची जुनी गाडी, टायर बोडके, बंपरला पोचा. ओवाळताना अक्काचं तोंड असं, जणू शोरूममधून आत्ताच आली.

मग चन्नवीरला ओवाळलं. ताट पुढं केलं. तो ओशाळून हसला. "ओवाळणी तर परवाच पडली की अक्का, तुझ्या देवळीत."

"ताटात टाक," अक्का म्हणाली. "सरकारच्या हातून भावाची ओवाळणी घेत नसते मी."

त्यानं टाकली. सुगलानं दिवा आत नेला. अक्कानं बसल्या जागेवरून देवळीकडे बघितलं. दोन दिवसांची धूळ काचेवर दिसत होती.

"हा पाय उभा राहीस्तोवर ती तू पुसायचीस," ती म्हणाली. "सकाळी आणि रात्री. फडकं ओलं पाहिजे, चिंब नको."

"सोलापुरातनं? दोनदा?"

"पाय आहेत ना? का चाकंच आहेत नुसती?"

तर पुढचे कित्येक महिने चन्नवीर तोडकरी रोज सकाळी आणि रोज संध्याकाळी नव्या टायरांवर बोरफाट्याला जायचा, अक्काच्या देवळीतली आपली धूळ पुसायचा, चहा प्यायचा, आणि परत येताना नवी धूळ उडवत यायचा. काचा खाली असायच्या. पुढच्या पाडव्याला त्याला तालुक्यात सगळ्यात मोठी धूळपट्टी आली. वकिलानं वरचा मजला चढवला. यादीत वळणावरचं घर पुन्हा नव्हतं.

त्यानं ती पट्टी मुकाट भरली. मुजावर मॅडम पेढे कुठं म्हणाल्या, तर खिशातून काढून दिले.